वर्षभर सीमाभागात फिरवलेला मेटल डिटेक्टर: मशीन कसं आहे, कुठं फिरवायचं आणि कुठं हातसुद्धा लावायचा नाही

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलं मशीन, त्याला आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि भाताच्या दोन सुग्या झाल्या. येळ्ळूर, खानापूर, चिकोडी, बैलहोंगल सगळीकडं फिरवून झालंय म्हणून आता लिहायला बसलोय. चार दिवसांत काही कळत नाही या मशीनचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतली चार-पाच कंपन्यांची मशीनं थोड्याफार फरकानं सारखीच चालतात आणि मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं आपल्या मातीबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल आहे.

तर मशीन असं आहे. १२ किलोहर्ट्झची एकच फ्रिक्वेन्सी, ११ इंची डबल-डी कॉइल (जमिनीवरनं फिरवायची थाळी, आत वायरीची दोन D आकाराची वेटोळी), आत बसवलेली चार्जिंगची बॅटरी, स्क्रीनवर ० ते ९९ नंबर, ग्राउंड बॅलन्सची (मातीचा स्वतःचा आवाज गप्प करायची) सोय, वजन सव्वा किलोच्या आसपास. मला २६ हजाराला पडलं, पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठं आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) वेगळा घेतला. आमचं काम बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला, दिवसभर हातात लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, त्यामुळं कुठला धातू कसा वागतोय हे बघायची आवड आधीपासूनच होती. या मशीनचं तत्त्व पण तेच. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात बारीक करंट फिरायला लागतात, त्यांचं उलटं क्षेत्र तयार होतंय आणि ते कॉइलचा दुसरा भाग पकडतो. चांदी, तांबं, मोठी नाणी वरचा नंबर दाखवतात, लोखंड खालचा. मधल्या पट्ट्यात सगळी भानगड आहे, कारण तिथं बारीक सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची पट्टी शेजारी शेजारी बसतात. जगातलं कुठलंही मशीन नुसत्या नंबरावरून "हे सोनंच" असं सांगत नाही. कुणी दुकानदार तसं सांगत असेल तर तिथनं उठून या.

आता माती. हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण हे.

पहिल्या रविवारी मी मशीन घेऊन खानापूरच्या बाजूला गेलो, पाहुण्यांचं शेत, परवानगी घेतलेली, आणि चालू केल्याबरोबर मशीन नुसतं ओरडायला लागलं, जिकडं फिरवावं तिकडं टूं टूं. मला वाटलं पीसच खराब आलाय. तसं नव्हतं. आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यात, म्हणजे बेळगावपासून खानापूर जांबोटी कणकुंबीपर्यंत तांबडी माती आणि जांभा दगड, आणि त्याला तो तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साईडनं. म्हणजे तुम्ही लोखंडाच्या भुकटीवरच मशीन फिरवताय म्हणा की. परदेशी व्हिडिओत मशीन जमिनीवर ठेवलं की गप्प असतंय, तसं आपल्याकडं होत नाही. मग करायचं काय तर ग्राउंड बॅलन्स. बटण दाबून धरायचं, कॉइल जमिनीवरनं गुडघ्यापर्यंत वर खाली वर खाली हलवत राहायचं, आवाज बसला की सोडायचं, आणि शेतात पन्नास-साठ पावलं पुढं गेलं की परत करायचं, कारण एकाच शेतात वरच्या पट्टीची आणि खालच्या पट्टीची माती वेगळी निघते. आणि सेन्सिटिव्हिटी कमी ठेवायची. सगळे नवे लोक ती फुल्ल करून ठेवतात, मी पण ठेवली होती, त्यानं खोल काही दिसत नाही, उलट गोंधळच वाढतो. तरीसुद्धा जांभ्याचे काही खडे असे असतात की धातूसारखा पक्का आवाज देतात, खणून बघितलं की हातात मुठीएवढा तांबडा दगड. त्याची ओळख अशी की कॉइल थोडी उचलली की आवाज पटकन मरतो, नाण्याचा आवाज त्यामानानं हळूहळू कमी होत जातोय. ही ओळख व्हायला मला दोन महिने लागले.

तेव्हा ज्याला मशीन घ्यायचंय त्यानं एवढं बघाच, ग्राउंड बॅलन्स आपल्या हातानं करता आला पाहिजे. कंपनीतनंच फिक्स केलेलं असतं तसल्या स्वस्त मशीनवर आपल्या तांबड्या मातीत पैसे घालू नका, बैलहोंगल सौंदत्तीच्या काळ्या रानात कदाचित चालून जाईल. माझं मशीन काळ्या रानात बऱ्यापैकी शांत चालतं आणि तिथं रुपयाएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत पकडते, खानापूरच्या मातीत तेच मशीन चार-पाच बोटांवर हात टेकतं. दोन फ्रिक्वेन्सी किंवा मल्टी-फ्रिक्वेन्सीवाली मशीनं तांबड्या मातीत जास्त चांगली चालतात हे खरं, एका ओळखीच्याचं चंदगडला हातात घेऊन बघितलंय, पण किंमत दुपटीच्या वर जाते.

दुसरी एक गोष्ट कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. आपली हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत आणि लोहचुंबकाला चिकटतात, घरात चुंबक असेल तर आत्ता लावून बघा. त्यामुळं मशीन त्यांना लोखंड समजतं, नाहीतर नंबर नुसता उड्या मारतो. म्हणजे "लोखंड नको" असं सेटिंग करून बाजाराच्या जागेवर फिरलात तर निम्मी नाणी पायाखालीच राहतील. जुनी तांब्या-निकेलची एक रुपया, दोन रुपयांची नाणी, पितळी रंगाचं पाच रुपयांचं, ही छान खणखणीत वाजतात. जुनी ॲल्युमिनियमची पाच पैसे, दहा पैसे मात्र परत त्या गोळ्यांच्या पट्टीवाल्या पट्ट्यात. मला सगळ्यात जास्त आनंद भोकाच्या पैशाचा झाला, १९४३ ते १९४७ मधलं ते मधी भोक असलेलं, आमच्या आजीकडं करगोट्याला एक बांधलेलं होतं, तसलंच चिकोडीच्या बाजूला एका खळ्याच्या कडेला मिळालं. शेतमालक तात्यांना दाखवलं तर ते ते हातात धरून अर्धा तास बापाच्या आठवणी सांगत बसले. ते त्यांच्याकडंच आहे.

मशीनचे बाकीचे त्रास पटकन सांगतो. आयपी सेटची (शेतातल्या पाण्याच्या पंपाची) मोटर चालू असली किंवा वरनं हाय टेन्शन लाईन गेली असली की मशीन चळवळ करतं, शेताच्या कडेला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं) लावलेलं असलं तर विचारूच नका, मालकाला सांगून थोडा वेळ बंद करता आलं तर बघा नाहीतर दुसरी पट्टी धरा. बॅटरी माझ्या वापरात दोन रविवार आरामात जाते. उन्हात स्क्रीन दिसते. हेडफोनची वायर विळ्याला अडकून एकदा तुटली. पावसात कॉइल भिजली तरी काही झालं नाही, पण कंट्रोल बॉक्सवर मी प्लास्टिक बांधतो.

आता सगळे विचारतात ते. कुठं फिरवायचं?

यात पहिल्यांदा कुठं नाही ते सांगणं भाग आहे, कारण डिटेक्टर म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोक्यात किल्ला आणि जुनं देऊळच येतंय. बेळगावचा किल्ला, आतली कमल बस्ती, हलशी, देगावचं कमल नारायणाचं देऊळ, कित्तूरचा वाडा, राजहंसगड, परसगड, आणि वडगाव-माधवपूरची ती सातवाहन काळातली जुनी वस्ती सापडलेली जागा. यातल्या कुठंही मशीन पिशवीतनंसुद्धा काढायचं नाही. केंद्राचा १९५८चा स्मारकांचा कायदा आहे, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली, संरक्षित जागेपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्याच्या पुढं २०० मीटर नियंत्रित. पण कायद्याच्या भीतीपेक्षा दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. जुनं नाणं मातीच्या ज्या थरात पडलंय तो थरच त्याची गोष्ट असते, त्याच्या शेजारी कसलं खापर आहे, राख आहे का, त्यावरनं अभ्यास करणारी माणसं त्या घराचा काळ काढतात. तुम्ही खुरप्यानं ते नाणं उपसून खिशात घातलं की नाणं राहिलं आणि गोष्ट गेली. माधवपूरच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं राहत होती हे आपल्याला कळलं ते थर थर करून खणलं म्हणून.

तसंच आर्मीची जागा. बेळगावात राहणाऱ्याला हे सांगायला नको खरं, कॅम्पचा भाग, ट्रेनिंगची मैदानं, फायरिंग रेंजच्या आसपासची माळरानं, तिथं जायचंच नाही. एखाद्या वेळी जमिनीत न फुटलेलं काही असू शकतंय, आणि सिग्नल आला की आपला हात खुरप्याकडं आपोआप जातो. खानापूरचं रिझर्व्ह फॉरेस्ट, भीमगड अभयारण्य, तिथं पण खणणं बंद. आणि नदीत घाटावर लोकांनी सोडलेली नाणी, सौंदत्तीला जोगुळभावीला किंवा कुठल्याही देवाच्या तळ्यात वाहिलेले पैसे, ते हरवलेले नसतात, दिलेले असतात. त्यांना हात लावायचा नाही. तालमीतल्या हौद्याची माती पण नाही. मला एका गावात पोरांनी स्वतःहून बोलावलं होतं, ताईत पडलाय म्हणून, मी वस्तादांना विचारलं, ते म्हणाले "आमीच चाळून बगतो की," आणि त्यांनी चाळून काढला.

मग राहिलं काय? भरपूर राहिलं. माणूस जिथं वाकतो, बसतो, आंघोळ करतो, कपडे बदलतो, गर्दीत ढकलला जातो, तिथं वस्तू पडतात. एवढं एक डोक्यात ठेवून गावात फिरला की जागा आपोआप दिसायला लागतात. आठवडी बाजार जिथं भरायचा आणि आता हलवलाय ती रिकामी जागा. बांधावरचं ते एकच आंब्याचं किंवा चिंचेचं झाड ज्याच्या सावलीत तीन पिढ्या बायका भाकरी खायला बसल्या. जुनी खळी. बैलगाडीची जुनी वाट, जी आता डांबरी रस्ता झाल्यावर कुणी वापरत नाही, पण तिथं बैलाच्या पत्र्या आणि खिळे इतके निघतात की पाठ मोडते. लक्ष्मी यात्रेला ज्या रानात पाळणे आणि दुकानं लागतात ते रान, यात्रा झाल्यावर महिन्याभरात, पंचांना विचारून. गेल्या वर्षी अशा एका रानात दोन सकाळी फिरलो, साडेसहाशे रुपयांची सुट्टी नाणी, तीन पैंजणांचे तुकडे आणि लहान मुलाचा चांदीचा एक वाळा मिळाला, सगळं देवळात पंचांच्या पुढ्यात ठेवलं, दुसऱ्याच दिवशी एक बाई येऊन वाळा ओळखून घेऊन गेली. त्या गावात आता मी कधीही गेलो तरी पहिल्यांदा चहा येतो आणि मग मशीन.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडं भात निघाल्यावर आणि मसूर-वाटाणा पेरायच्या आधी जे आठ-पंधरा दिवस मिळतात ते सोन्यासारखे. जमिनीत ओल असते, धस (कापणीनंतर राहिलेले बुडखे) कमी असतात, मालक खुशीत असतोय. उसाच्या रानात तोड झाल्यावर पाचट पडलेलं असतं, कॉइल जमिनीला लागतच नाही. बटाटा, रताळी असलेल्या रानात सरी मोडते म्हणून कुणी हो म्हटलं तरी मी जात नाही. उभ्या पिकात तर विषयच नाही.

परवानगी. यावर मी थोडा कडक आहे. आपल्याकडं उताऱ्यावरचं नाव एकाचं, कसणारा दुसरा, आणि मालकाचा भाऊ पुण्याला. दोघांना विचारायचं, मालकाला पण आणि कसणाऱ्याला पण. आणि तोंडी हो म्हटलं तरी मी एका कागदावर दोन ओळी लिहून सही घेतो, अमुक तारखेला अमुक सर्व्हे नंबरात शिरायला हरकत नाही. एकदा बीटच्या हवालदारांनी रस्त्यावरनं बघून थांबवलं, तो कागद दाखवला, दोन मिनिटांत विषय मिटला. गायरान, तळ्याची जागा असेल तर पंचायतीत पीडीओंना (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) विचारायचं, "कुणाची नाही" अशी जमीन आपल्याकडं नसतेच.

आणि आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. हातात मशीन घेऊन शेतात कुणी अनोळखी फिरताना दिसला की माणसं घाबरतात, सर्व्हेला आलाय, जमीन जाणार. हलगा-मच्छे बायपासला जमिनी जाण्यावरनं शेतकऱ्यांनी काय भोगलंय हे सगळ्यांना माहीत आहे, तसल्या पट्ट्यात मशीन घेऊन न सांगता शिरणं म्हणजे त्यांच्या जखमेवर पाय देणं. मी पहिल्यांदा मशीन गाडीतच ठेवतो, रिकाम्या हातानं बांधापर्यंत जातो, नाव, गल्ली, कुणाचा पाहुणा ते सांगतो. येळ्ळूरला एका काकांनी लांबनंच हाक मारली होती, "काय करूलालास रे बाळ तितं?" मी तिथंच थांबलो, त्यांच्यापर्यंत चालत गेलो, मशीन त्यांच्याच हातात दिलं आणि त्यांच्याच विळ्यावर फिरवून दाखवलं. पाच मिनिटांत काका मलाच सांगायला लागले की त्यांच्या आईची नथ कुठल्या विहिरीवर पडली होती. बैलहोंगलकडं गेलं की पहिला प्रश्न कन्नडात, "एन हुडकाकत्तीरी?", काय शोधताय, आणि त्याच्या मागनं लगेच "बंगार सिक्तेन्री?", सोनं मिळालं का. मोडकंतोडकं का होईना पण कन्नडात उत्तर द्या, लोक हसतात आणि बोलायला लागतात.

सोन्यावरनं आठवलं, गुप्तधन. हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे. अमावस्येला खणायचं, पायाळू माणूस आणायचा, भगत बसवायचा, यात कितीतरी घरं बसलीत. कर्नाटकाचा २०१७चा अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा आहे, त्यात धन शोधण्यासाठी केलेले असले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. मला पण दोघा-तिघांनी विचारलंय, "रातच्याला येशील काय, अर्धं अर्धं करू." मी सरळ नाही म्हणतो आणि त्या घरात परत जात नाही. सकाळी आठच्या आधी आणि दिवस मावळल्यावर मी मशीन चालूच करत नाही, बॅटरी लावून रात्री रानात फिरणाऱ्या माणसाबद्दल गावाला जे वाटतं ते बरोबरच वाटतं. एका गावात मला आता कुणी शिरू देत नाही, मी काही केलेलं नाही, माझ्या आधी कुणीतरी मशीन घेऊन रात्री देवळाच्या मागं कंबरभर खड्डा मारून तसाच टाकून गेलं होतं. त्या लोकांचा राग मला समजतो.

खरंच जुनं काही निघालं तर? तिकडं चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे, जमिनीत लपवलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही मिळालं तरी कलेक्टरना लेखी कळवायचं, काय मिळालं, कुठं, कधी. दहा रुपये, बरोबर वाचलंत. आपल्या बाजूला कर्नाटकाचा १९६२चा स्वतःचा कायदा आहे. शिवाय १९७२च्या कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरातन धरतात, तिचा विनापरवाना धंदा करता येत नाही, देशाबाहेर तर नेताच येत नाही. म्हणून नाण्यांचा साठा, मडकं, मूर्ती, ताम्रपट असलं काही दिसलं की खुरपं खाली ठेवायचं, आणखी उकरायचं नाही, घासूनपुसून चकचकीत करायचं नाही, मालकाला बोलवायचं, आहे तसाच फोटो काढायचा आणि तहसीलदार किंवा डीसी (म्हणजे कलेक्टर) ऑफिसला कळवायचं. इंग्लंडचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं तिकडं सगळं खिशात घालतात. तसं नाही. तिकडं पण १९९६चा कायदा आहे, खजिना ठरेल अशी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. २००९ ला स्टॅफर्डशायरमध्ये एकाला शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा मिळाला, त्यानं कळवलं, किंमत ठरली बत्तीस लाख पौंडांच्या वर, आणि ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. म्युझियममध्ये आज ते सगळ्यांना बघायला मिळतं.

खणायची पद्धत. मशीनपेक्षा हे शिकायला जास्त वेळ द्या. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी सोडायची, झाकणासारखं उलटायचं, माती शेजारी पोत्यावर काढायची, वस्तू काढून झाली की माती परत, झाकण परत, पायानं दाबायचं, जमलं तर थोडं पाणी. मागं वळून बघितलं तर कुठं खणलंय ते मला स्वतःला दिसलं नाही पाहिजे. भाताच्या बांधात कितीही गोड सिग्नल आला तरी खणायचं नाही, एवढ्याशा भोकातनं पाणी वाट काढतं आणि पावसाळ्यात बांध फुटतो, खालच्याचं रोप जातं, आणि त्या दोघांची भांडणं वर्षभर चालतात. लांबलचक, सरळ रेषेत सारखा सिग्नल येत असेल तर ती मोटरची केबल असू शकते, तिथनं बाजूला व्हायचं. मिळालेला सगळा कचरा, बाटलीची बुचं, तारेचे तुकडे, पत्रा, आपण घरी न्यायचा. माझ्या कंबरेला दोन पिशव्या असतात, संध्याकाळी कचऱ्याची पिशवी मालकाला दाखवली की त्याला पण बरं वाटतं, त्याच्या बैलाच्या पायात जाणारा खिळा तुम्ही काढलेला असतोय.

आता मशीननं खरं काम केलं ते सांगतो. येळ्ळूरच्याच एका आक्कांची बुगडी हरवली होती, भाताचे भारे डोक्यावरनं बांधापर्यंत आणताना. सासूनं दिलेली. आठ दिवस झाले होते आणि त्यांचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. मी पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कानातली बुगडी मागितली. ती जमिनीवर ठेवून वरनं कॉइल फिरवली, नंबर आला ३६-३८, मातीत दोन बोटं पुरून बघितलं तर ३३ ते ४०. म्हणजे काय शोधायचं ते पक्कं झालं. हे कुणीही करा, हरवलेल्या दागिन्याची जोडी असेल तर पहिल्यांदा तिचा आवाज ऐका. मग आक्कांना म्हटलं, त्या दिवशी चाललात तसं चाला. त्या चालल्या, कुठं भारा खाली टाकला, कुठं पदर खोचला, कुठं पाणी प्यायल्या. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सुतळी बांधून पट्टे पाडले आणि हळू, अगदी हळू, कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. दोन संध्याकाळी गेल्या, सत्तरेक सिग्नल खणले, गोळ्यांच्या पट्ट्या, एक नट, खुरप्याचं तुटकं टोक. तिसऱ्या दिवशी सकाळी भारा टाकायच्या जागेपासून हातभर अंतरावर ३७. ढेकळाच्या खाली, मोत्यात माती भरलेली, फिरकी गळालेली. मी काहीच बोललो नाही, नुसतं ढेकूळ उचलून त्यांच्या ओंजळीत दिलं. त्यांनी ते फोडलं. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलं.

पैसे घेतले नाहीत. हरवलेली वस्तू शोधून देण्याचे पैसे घेणारे लोक आहेत आणि ते आधी सांगून घेत असतील तर त्यात चूक नाही, पेट्रोल, वेळ, मशीन सगळं लागतंय. पण ठरवायचं ते मशीन चालू करायच्या आधी, वस्तू हातात आल्यावर नाही. नुसतं हौसेनं फिरत असलात तरी तेच, काही निघालं तर कुणाचं, हे आधी बोलून घ्यायचं आणि निघालेलं प्रत्येक, अगदी गंजका बोल्टसुद्धा, मालकाला दाखवायचा.

मशीनला मी पाचात साडेतीन देतो. काळ्या रानासाठी चार दिले असते, तांबड्या मातीसाठी तीन. पिनपॉइंटर मात्र घ्याच, त्याच्याशिवाय खड्डा तिप्पट मोठा होतो, माझा साधा दोन हजाराचा आहे आणि बुगडी शेवटी त्यानंच दाखवली. सेकंडहँड घेत असाल तर कॉइलची वायर दांड्याला जिथं वळते तिथं हातानं हलवून बघा, आवाज तुटत असेल तर घेऊ नका, आणि विकणाऱ्याला म्हणा आपण जांबोटी रोडला कुठंतरी तांबड्या मातीवर उभं राहून बघू. दुकानातल्या फरशीवर सगळीच मशीनं चांगली वाजतात.